अर्ध्या पेनीचे सूप




गेल्या रविवारी पहिल्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आपले चार तरुण गप्पा मारत उभे होते. त्यांतल्या एकाच्या अंगात हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट होता. ‘हा कुठल्या संघाचा?’ आम्ही सहज विचारले. ‘सेल्टिक, फादर. ग्लासगोचा संघ. मामाने आखातातून पाठवला.’ ‘हा क्लब कोणी काढला, ठाऊक आहे?’ तो जरा घुटमळला आणि म्हणाला, ‘असेल कोणी तरी मोठा शेठ.’

आम्हांला हसू आले. तो क्लब काढणाऱ्या माणसाच्या नावावर बँकेत एक पैसाही नव्हता, कारण त्याने दारिद्र्याचे व्रत घेतले होते. तो एका कॅथलिक शाळेचा मुख्याध्यापक होता आणि त्याने फुटबॉलचा संघ काढला तो उपाशी मुलांच्या जेवणासाठी. हे सांगितल्यावर चौघांनीही आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू फादर रविवारच्या खुशीत थट्टा करीत आहेत. थट्टा नव्हती हे सांगण्यासाठी या आठवड्याचे पान त्या माणसाला द्यावे असे ठरवले. दुसरेही एक कारण आहे. ते शेवटी येईल.

त्या माणसाचे नाव ॲन्ड्र्यू केरिन्स. जन्म १८४० चा, आयर्लंडमधल्या स्लायगो परगण्यातील बॅलीमोट या गावी. तो पाच वर्षांचा असताना, १८४५ मध्ये, आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला. आपल्याकडे भात गेला तर निदान नाचणी असते, वाल असतात. तिथल्या गरीब शेतकऱ्याचे सारे पोट त्या एका पिकावर होते. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि भुकेमागून आलेल्या रोगांनी मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरे भरलेली जहाजे इंग्लंडला जातच होती. विकत घ्यायला पैसा असणाऱ्यांसाठी अन्न होते. दुष्काळ हा नेहमी असाच असतो, हे आपल्या देशालाही नवीन नाही.

पंधरा वर्षांचा झाल्यावर, १८५५ मध्ये, हा मुलगा समुद्र ओलांडून स्कॉटलंडमधील ग्लासगोला आला. आयर्लंडहून आलेले हजारो लोक त्या शहराच्या पूर्व भागात, कॅल्टन, ब्रिजटन, पार्कहेड या वस्त्यांत दाटीवाटीने राहत होते. एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन. पुरुष गोदीत नाही तर खाणीत, बाया गिरणीत, आणि काम रोजचे मिळेल याची खात्री नाही. वरून भाषा बोलायची तऱ्हा वेगळी, धर्म कॅथलिक आणि देश प्रॉटेस्टंट. कामावर घेताना माणसाचे आडनाव विचारले की तो कोण ते कळायचे.

१८६४ मध्ये ॲन्ड्र्यू मारिस्ट ब्रदर्स या संघात दाखल झाला आणि ब्रदर वॉलफ्रिड हे नाव त्याने घेतले. हा संघ फ्रान्समध्ये १८१७ साली संत मार्सेलिन शाम्पान्या यांनी स्थापन केला. शाम्पान्या नवीनच धर्मगुरू झालेले असताना मृत्युशय्येवरच्या एका किशोरवयीन मुलाकडे त्यांना बोलावणे आले. त्या मुलाला देवाविषयी काहीच माहीत नव्हते, कारण कोणी शिकवलेच नव्हते. त्या एका भेटीने त्यांना झोप लागू दिली नाही आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांना शिकवणाऱ्या ब्रदरांचा संघ उभा राहिला. ब्रदर म्हणजे व्रतस्थ बंधू. ते मिस्सा अर्पण करीत नाहीत, पापनिवेदन ऐकत नाहीत. त्यांची वेदी म्हणजे शाळेतला फळा, असे म्हटले तरी चालेल.

ब्रदर वॉलफ्रिड फ्रान्समध्ये शिक्षण घेऊन ग्लासगोला परतले आणि पूर्व भागातील सेंट मेरीज शाळेत शिकवू लागले. १८७४ मध्ये ते ब्रिजटनच्या सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७२ मध्ये, स्कॉटलंडमध्ये पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करणारा कायदा झाला होता. कायदा चांगलाच होता. पण कायद्याने मूल शाळेत येते, त्याच्या पोटात काही पडत नाही. कॅथलिक शाळा तेव्हा सरकारी व्यवस्थेच्या बाहेर होत्या, त्या आत आल्या १९१८ मध्ये. तोवर शाळेचा बराचसा भार त्या गरीब लोकांच्याच खांद्यावर होता. हजेरीपटावर नाव असलेले मूल दुपारी घरी जेवायला जायचे आणि परत यायचे नाही. घरी जेवण नसायचे म्हणून. काही मुले सकाळीच यायची नाहीत.

यावर ब्रदर वॉलफ्रिड यांनी जी योजना केली, तिच्यापाशी आम्हांला थोडे थांबायचे आहे. फुटबॉलपेक्षा आम्हांला तीच मोठी वाटते.

संत विन्सेंट डी पॉल संघटनेच्या मदतीने त्यांनी शाळेत मुलांसाठी जेवणाची सोय केली. सेंट मेरीज शाळेतल्या ब्रदर डोरोथिअस यांनीही तेच केले. दर असा होता: एका पेनीत पोटभर गरम जेवण. आईवडिलांनी घरून पाव दिला असेल तर अर्ध्या पेनीत मोठा वाडगाभर सूप. आणि ज्यांना तेही देणे शक्य नाही, त्यांना फुकट. एका पौंडाच्या दोनशेचाळीस पेनी होत, म्हणजे अर्धी पेनी ही अगदी किरकोळ रक्कम. तिने त्या सुपाचा खर्च भागत होता असे कोणी समजू नये. खर्च विन्सेंट डी पॉलची मंडळी भागवत होती.

मग ती अर्धी पेनी घ्यायची कशाला? सरळ सगळ्यांना फुकट वाढले असते तर हिशेबाची कटकटही वाचली असती!

बंधू-भगिनींनो, आमच्या मते सगळे मर्म त्या अर्ध्या पेनीत आहे. ती पेनी घेणाऱ्यासाठी नव्हती, देणाऱ्यासाठी होती. आयर्लंडचा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला धर्मादाय सुपाची रांग काय असते हे कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या रांगेत उभी राहणारी आई भुकेइतकीच आणखी एका गोष्टीने खचते. आपल्या भाषेत तिला नेमका शब्द आहे: मिंधेपणा. तिच्या मुलाने मुठीत अर्धी पेनी आणि रुमालात पावाचा तुकडा घेऊन शाळेत जावे आणि दुसऱ्या मुलांसारखे बाकावर बसून जेवावे, म्हणजे ते तिनेच त्याला जेवू घातल्यासारखे झाले. पेनी देणारा कोण आणि न देणारा कोण हे शेजारी बसलेल्या मुलाला कशाला कळायला हवे?

पाच भाकरी आणि दोन मासे यांचा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो. शिष्यांना वाटत होते की लोकांना आसपासच्या गावांत पाठवून द्यावे. प्रभूने ती जबाबदारी शिष्यांच्याच गळ्यात घातली, लोकांना गवतावर बसायला सांगितले आणि एका मुलाजवळ जे थोडे होते त्यातून सुरुवात केली. त्या मुलाची शिदोरी प्रभूने नाकारली नाही, ‘एवढ्याने काय होणार’ असे म्हणून हसण्यावारी नेली नाही. हजारो माणसे जेवली ती त्या मुलाच्या भाकरीवर जेवली. ब्रदर वॉलफ्रिड यांनी अर्ध्या पेनीबरोबर घरचा पाव मागितला, तेव्हा त्यांच्या मनात हा प्रसंग होता की नव्हता हे आम्ही सांगू शकत नाही. आमच्या मनात मात्र तो येतो.

खरे तेच सांगायचे तर त्यांच्या हेतूत आणखी एक धागा होता. पूर्व भागात प्रॉटेस्टंट मिशनांची भोजनगृहेही चालत आणि तिथे जेवायला गेलेली मुले आपल्या ख्रिस्तसभेला मुकतील ही भीती कॅथलिक मंडळींना होती. आज ख्रिस्ती ऐक्यासाठी आपण प्रार्थना करतो, त्यामुळे हे वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते. पण माणसांची सत्कृत्ये क्वचितच एकाच धाग्याची विणलेली असतात. मुलाच्या पोटात सूप गेले, हे तर खरे ना?

आता सुपासाठी पैसा हवा. गरिबांनी गरिबांना किती द्यायचे? इथे फुटबॉल येतो.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये तो काळ राणी व्हिक्टोरियाचा. गिरण्यांना शनिवारी दुपारी सुट्टी मिळू लागली होती आणि त्या मोकळ्या दुपारी कामगारांनी दारूच्या गुत्त्यात जाऊ नये म्हणून अनेक चर्चनी खेळाचे संघ काढले. आपले तरुण आज ज्या संघांची नावे घेतात त्यांतल्या कितीतरींची पाळेमुळे देवळात आहेत. ॲस्टन व्हिला हा १८७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका मेथडिस्ट चॅपलमधल्या तरुणांनी काढला. एव्हर्टन १८७८ मध्ये लिव्हरपूलच्या सेंट डोमिंगो चॅपलमधून निघाला. मँचेस्टर सिटीची सुरुवात १८८० मध्ये सेंट मार्क्स या अँग्लिकन चर्चमध्ये झाली आणि त्या कामाशी तिथल्या धर्मगुरूंच्या कन्येचे, ॲना कॉनेल यांचे, नाव जोडलेले आहे. आपल्या कॅथलिकांत पहिला मोठा संघ एडिनबरोमध्ये निघाला. १८७५ मध्ये सेंट पॅट्रिक चर्चचे कॅनन एडवर्ड हॅनन यांनी आयरिश तरुणांना घेऊन हायबर्नियन संघ उभा केला. धर्माचरण न करणाऱ्याला संघात जागा नव्हती. (आपल्या स्पर्धेला हा नियम लावला तर अकरा जण तरी जमतील का, हा प्रश्न आम्ही इथेच सोडून देतो.)

फेब्रुवारी १८८७ मध्ये हायबर्नियनने डंबार्टनचा २-१ असा पराभव करून स्कॉटिश कप जिंकला. ज्यांना रोज हिणवले जात होते त्यांच्या पोरांनी देशाचा करंडक आणला! ग्लासगोच्या आयरिश वस्तीत आनंदीआनंद झाला आणि विजयी संघाचा सत्कार कॅल्टनच्या सेंट मेरीज सभागृहातच झाला. ब्रदर वॉलफ्रिड यांनी याआधीच मुलांच्या जेवणासाठी एकदोन सामने भरवून पाहिले होते आणि प्रेक्षक येतात हे त्यांच्या लक्षात आले होते. सामना पाहायला लोक काही पैसे देतात. मग आपलाच संघ का नको?

६ नोव्हेंबर १८८७. रविवार होता. सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात सभा भरली. ते सभागृह होते त्या रस्त्याला आज फोर्ब्स स्ट्रीट म्हणतात. ब्रदर वॉलफ्रिड तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे, म्हणजे साधारण आमच्याच वयाचे. सभेला जॉन ग्लास नावाचे बांधकाम व्यवसायातील गृहस्थ होते, डॉक्टर जॉन कॉनवे होते, विन्सेंट डी पॉलचे सभासद होते. नाव काय ठेवायचे यावर चर्चा झाली आणि ब्रदरांच्या पसंतीने ‘सेल्टिक’ ठरले. आयर्लंड आणि स्कॉटलंड या दोन्ही देशांच्या जुन्या लोकांना सामावून घेणारे हे नाव होते. नुसते आयरिश नाव ठेवून त्यांनी दार लावून घेतले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जानेवारी १८८८ मध्ये वर्गणीसाठी एक पत्रक काढले गेले. त्यात क्लबचा मुख्य हेतू स्वच्छ लिहिला होता: सेंट मेरीज, सेक्रेड हार्ट आणि सेंट मायकल्स या तीन धर्मग्रामांतील गरजू मुलांच्या भोजनगृहांना पैसा पुरवणे. वर्गणीदारांच्या यादीत सर्वांत वर ग्लासगोचे आर्चबिशप चार्ल्स आयर यांचे नाव होते, रक्कम वीस शिलिंग. पार्कहेडला कबरस्तानालगत एक मोकळी जागा वर्षाला पन्नास पौंड भाड्याने घेतली. मैदान कोणी तयार केले? दिवसभर काम करून आलेल्या त्याच माणसांनी, फावडी आणि घमेली घेऊन, एक पैसा न घेता. सहा महिन्यांत मैदान उभे राहिले. २८ मे १८८८ रोजी, सोमवारी संध्याकाळी, सुमारे दोन हजार लोकांसमोर पहिला सामना झाला. समोर होते शहरातलेच रेंजर्स. सेल्टिकने ५-२ असा विजय मिळवला. रेंजर्स आणि सेल्टिक यांच्यात पुढे जे धर्मद्वेषाचे विष कालवले गेले ते सर्वांना माहीत आहे. त्या पहिल्या संध्याकाळी मात्र सामन्यानंतर सेंट मेरीज सभागृहात सर्वांनी मिळून जेवण केले.

आता या कथेचा काळा भाग. तो गाळला तर आम्ही प्रवचन नव्हे, जाहिरात लिहिली असे होईल.

पहिला संघ इतका चांगला निघाला त्याचे कारण असे की त्यातले बरेच खेळाडू एडिनबरोच्या हायबर्नियनमधून आणले होते. तो काळ हौशी खेळाचा, खेळाडूला पैसे देणे नियमाबाहेर. तरीही माणसे आपला संघ सोडून का आली असतील, याचा अंदाज प्रत्येकाने करावा. ज्या धर्मबंधूंच्या करंडकाने ग्लासगोला स्फूर्ती मिळाली, ते हायबर्नियन या धक्क्याने १८९१ मध्ये बंदच पडले. पुढे ते पुन्हा उभे राहिले हे खरे, पण मधल्या काळात त्यांचा संघच नव्हता. भुकेल्या मुलांसाठी म्हणून केलेल्या कामातही शेजाऱ्याचे ताट ओढले जाऊ शकते.

पहिली काही वर्षे भोजनगृहांना चांगली रक्कम मिळाली. शेकडो पौंड गेले. संघ पहिल्याच हंगामात स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि १८९२ मध्ये त्याने तो करंडक जिंकलाही. प्रेक्षक वाढले तसे जमीनमालकाने भाडे पन्नासवरून साडेचारशे पौंड मागितले. तेव्हा जवळच्याच एका वीटभट्टीच्या खड्ड्यात हजारो गाड्या माती टाकून नवे मैदान तयार केले गेले. कबरस्तानाजवळून निघून स्वर्गात आल्यासारखे झाले, असे तेव्हा कोणीतरी म्हटले आणि आजही लोक त्या मैदानाला ‘पॅरडाइज’ म्हणतात. मैदानाची पहिली हिरळ आयर्लंडचे पुढारी मायकल डेव्हिट यांच्या हस्ते लावली गेली. ती खास आयर्लंडहून आणली होती. रातोरात कोणीतरी ती चोरून नेली! स्वर्गातही चोऱ्या होतात म्हणायच्या.

आणि त्याच १८९२ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड यांची बदली झाली. वरिष्ठांनी त्यांना लंडनच्या पूर्व भागात पाठवले. आज्ञापालनाचे व्रत होते, ते निघाले. तिथेही ते गरीब मुलांमध्येच राहिले, तिथेही त्यांनी मुलांसाठी खेळ सुरू केले.

इकडे ग्लासगोत काय झाले? १८९३ मध्ये स्कॉटलंडमध्ये खेळाडूंना पगार देणे नियमात बसले. त्यांचे पगार, मैदानाचा खर्च, नवी गॅलरी. समितीत वाद सुरू झाले. काही सभासद पुन्हा पुन्हा उठून विचारीत होते, मुलांच्या जेवणाचे काय? १८९७ मध्ये क्लबची मर्यादित कंपनी झाली. भागधारक आले, लाभांश आला, आणि ज्या भोजनगृहांसाठी हे सगळे सुरू झाले त्यांचे नाव हिशेबात मागे मागे जात राहिले. कोणी एका सभेत उठून ‘आता मुलांना जेवण नको’ असा ठराव मांडला नाही. असे ठराव कधीच मांडले जात नाहीत. दर वर्षी एखादा खर्च असा निघतो की जो टाळता येत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलची चार कारणे आम्ही घोकून पाठ केली होती. वस्तू कशाची बनली, तिचा आकार कोणता, ती कोणी घडवली आणि ती कशासाठी आहे. चौथे ते प्रयोजन. परीक्षेत आम्ही उदाहरण म्हणून पुतळा लिहिला होता, कारण पुस्तकात पुतळा होता. आज लिहायचे झाले तर आम्ही फुटबॉलचा क्लब लिहू. खेळाडू तेच, मैदान तेच, पट्ट्यांचा शर्ट तोच, पण चौथे कारण केव्हा गळून पडले हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. उलट क्लब आधीपेक्षा जास्त देखणा दिसतो. संत थॉमस ॲक्विनास सांगतात की कृतीचा विचार करताना प्रयोजन सर्वांत आधी येते. प्रत्यक्षात हाताला लागते ते मात्र सर्वांत शेवटी. आमचा अनुभव असा की, हाताला लागण्याआधीच माणूस दमतो आणि मधल्याच पायरीवर घर बांधतो.

सेल्टिकला आम्ही दोषी ठरवतो असे समजू नका. १८९५ मध्ये संघात प्रॉटेस्टंट खेळाडूंची संख्या मर्यादित ठेवावी अशी सूचना आली ती त्यांनी फेटाळली. १९६७ मध्ये लिस्बनला इंटर मिलानचा २-१ असा पराभव करून युरोपियन कप जिंकणारा तो ब्रिटनमधला पहिला संघ. त्या संघातले सगळे खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते, आणि त्यांचे प्रशिक्षक जॉक स्टीन प्रॉटेस्टंट होते. आपल्या देशातला एक खेळाडूही तिथे खेळून गेला. कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे मोहम्मद सलीम १९३६ मध्ये सेल्टिकतर्फे दोन सामने खेळले, तेही पायांना पट्ट्या गुंडाळून, बुटांशिवाय. घराची ओढ लागून ते परत आले. जाण्यापूर्वी क्लबने त्यांच्यासाठी धर्मादाय सामना भरवून उत्पन्नातला वाटा देऊ केला, तेव्हा तो अनाथ मुलांना द्या असे त्यांनी सांगितले, अशी आठवण त्यांच्या घरात सांगितली जाते. क्लबच्या कार्यालयाला विसर पडलेली गोष्ट एका पाहुण्या मुसलमान खेळाडूला कोणी न सांगता सुचली!

१९११ मध्ये संघ युरोपचा दौरा करून परतताना लंडनला थांबला, तेव्हा म्हातारे झालेले ब्रदर वॉलफ्रिड त्यांना भेटायला आले. जुन्या ओळखीचे थोडेच उरले होते. ते रागावले नाहीत, हिशेब मागितला नाही. काळ बदलला, एवढेच ते बोलले. १९१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीज येथे त्यांना देवाज्ञा झाली. क्लबने धर्मादाय निधी पुन्हा रीतसर सुरू केला तो १९९५ मध्ये. २००५ मध्ये मैदानाबाहेर त्यांचा पुतळा बसवला गेला.

आता ते दुसरे कारण.

आपल्या धर्मग्रामाच्या सणानिमित्त होणारी फुटबॉल स्पर्धा कशासाठी सुरू झाली, हे आज किती जणांना आठवते? आम्हांलाही ठाऊक नव्हते. गेल्या जून महिन्यात शाळा सुरू होताना एक आई कार्यालयात आली. (तिची परवानगी घेऊन, नाव न घेता लिहीत आहोत.) तिचे यजमान गेल्याला दोन वर्षे झाली. तिने विचारले, ‘फादर, या वर्षी वह्या आणि दप्तर मिळणार का?’ आम्ही म्हणालो, ‘स्पर्धेचा हिशेब अजून लागायचा आहे, थोडे थांबा.’ ती ‘असू द्या फादर’ म्हणाली आणि गेली. पुन्हा आली नाही.

हिशेब नंतर लागला. बक्षिसाची रक्कम आम्हीच वाढवली होती, नाहीतर बाहेरचे चांगले संघ येत नाहीत असे सांगण्यात आले होते. रात्रीच्या सामन्यांसाठी दिवे आले, मांडव मोठा झाला, माईकवाला दोन दिवस जास्त राहिला. शेवटी जे उरले त्यापुढे आम्ही स्वतःच्या हाताने लिहिले: ‘शिल्लक पुढील वर्षासाठी.’ खाली आमची सही आहे. आपल्या तरुणांना यात बोल लावू नये. त्यांनी पंधरा दिवस रात्रीचा दिवस केला. सही आमची आहे.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना स्पर्धेची पहिली वही सापडली. पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिले आहे की प्रवेश शुल्कातून आणि देणग्यांतून जे जमेल ते विन्सेंट डी पॉलच्या सल्ल्याने आपल्या धर्मग्रामातील गरजू मुलांच्या शाळेच्या खर्चासाठी द्यावे. तेव्हाचे बक्षीस होते एक ढाल आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना जेवण. वही चाळताना एकेका वर्षी वह्यांची रक्कम थोडी कमी झालेली दिसते. कोणत्याही एका वर्षावर बोट ठेवता येत नाही.

आमचीही बदली होईल, आज ना उद्या. धर्मगुरू जातात, नवे येतात, ते बरेच आहे. म्हणून हे जाण्याआधी लिहून ठेवत आहोत.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही त्या ताईंच्या घरी गेलो. थोरली मुलगी दहावीला आहे. तिच्यापाशी अर्ध्या वापरलेल्या जुन्या वह्यांची पाने शिवून केलेली एक जाड वही होती, अगदी नीट शिवलेली. आम्ही माफी मागितली. वह्या आणि दप्तर दिल्यावर ताई आत गेल्या आणि पन्नास रुपयांची नोट घेऊन आल्या. ‘सगळे फुकट नको फादर.’ आम्ही नको म्हणणार होतो. मग ती नोट घेतली आणि पावती फाडून दिली.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात स्पर्धा समिती, विन्सेंट डी पॉलचे सभासद आणि पालकीय समिती यांची बैठक आहे. इतरांनीही यावे. पहिली वही टेबलावर ठेवलेली असेल, ती वाचून मग बसावे. ज्या तरुणाचा तो हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट आहे, त्याला पहिले पान मोठ्याने वाचायला सांगितले आहे. चहाची सोय केली आहे.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू